टाके नंतर, आधी श्वास

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

मी हायवेजवळच्या एका ग्रामीण रुग्णालयात कॅज्युअल्टीला स्टाफ नर्स आहे. रात्री बाईकवरून पडलेला बेशुद्ध पेशंट आला की सोबतची माणसं एकदम ओरडायला लागतात, सिस्टर आधी टाके घाला, सीटी स्कॅनला पाठवा, आणि आम्ही मात्र त्याचं तोंड उघडून बघत असतो तेव्हा त्यांना वाटतं ह्यांना काही पडलेलीच नाही. अहो, बेशुद्ध माणसाची जीभ सैल होऊन मागे पडते, तोंडात रक्त, उलटी, तुटलेले दात असतात, ते श्वासनलिकेत गेलं तर डोक्याची जखम राहते बाजूला आणि माणूस मिनिटांत जातो! म्हणून आधी सक्शन, म्हणजे मशीनने तोंडातलं हे सगळं ओढून काढायचं, आणि ऑक्सिजन. मान मागे वाकवायची नाही, मानेचा मणका मोडलेला असू शकतो, नुसता जबडा पुढे उचलायचा आणि एकाने डोकं सरळ धरून ठेवायचं. रक्ताची धार लागली असेल तर त्याच वेळी दुसऱ्याने ती दाबून धरायची. मग छाती, पल्स, बीपी, सलाईन. जीसीएस, म्हणजे पेशंट किती शुद्धीवर आहे त्याचे 3 ते 15 मधले गुण, 8 किंवा त्याच्या खाली असेल तर श्वासनलिकेत नळी घालायची तयारी करूनच डॉक्टरांना हाक मारायची.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो "दारू प्यायलाय, झोपू दे त्याला" ह्या वाक्याने. दारूचा वास आला म्हणून डोक्यात रक्तस्राव नाही असं होत नाही. शुगर बघायला काही सेकंद लागतात, टॉर्चने दोन्ही बाहुल्या बघायच्या, जीसीएस परत परत मोजायचा, 13 चा 11 झाला की थांबायचं नाही.

रस्त्यावर मदत करणाऱ्यांनो, पाणी पाजू नका, कांदा हुंगवू नका, हातपाय धरून रिक्षात कोंबू नका, 108 ला फोन करा. पोलिसांचं लचांड मागे लागेल म्हणून घाबरू नका, मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 134अ आलंय, मदत करणाऱ्याला त्यात संरक्षण आहे.

आणि आरोग्य खात्याला कळकळीची विनंती. मान न हलवता पेशंटला कुशीवर वळवायला चार माणसं लागतात आणि रात्री बऱ्याच ठिकाणी सिस्टर एकटी असते, वॉर्डही तिच्याकडेच. हायवेवरच्या रुग्णालयांत रात्रपाळीला ट्रेनिंग घेतलेली आणखी माणसं द्या, आणि सक्शन मशीन दर ड्यूटीच्या सुरुवातीला चालू करून बघायचं सक्तीचं करा.

– एक परिचारिका