आईच्या कागदावर नुसतं 'डिमेन्शिया' लिहून भागणार नाही

लीड्स, रविवार

ति. दादा आणि वहिनी,
सा. न.

डॉक्टरांनी आईला डिमेन्शिया सांगितला, पण कुठला ते नाही. ते विचारून घ्याच. डिमेन्शिया म्हणजे स्मरण, समज ढासळणं; ते ताप आल्यासारखं आहे. मलेरियाचा की टायफॉइडचा, हे कळल्याशिवाय औषध ठरत नाही.

आधी बी-१२, थायरॉईड, सोडियम, कॅल्शियम तपासा. आई शाकाहारी, त्यात साखरेसाठी मेटफॉर्मिन. दोन्हींमुळे बी-१२ घटतं. मेंदूचा सीटी किंवा एमआरआयही हवा. म्हातारपणी डोक्याला किरकोळ मार लागला तरी आत हळूहळू रक्त साचतं, आणि काही आठवड्यांनी माणूस विसरायला लागतो. ते ऑपरेशनने काढता येतं.

अल्झायमरमध्ये ताजं आधी जातं: सकाळचा चहा आठवत नाही, ७२ चा दुष्काळ मात्र तपशिलासकट. रक्तवाहिन्यांचा डिमेन्शिया बीपी-साखरवाल्यांत जास्त. बरेचदा पायरी उतरावी तसा एकेका झटक्याने वाढतो. मेंदूच्या कपाळामागच्या भागाचा डिमेन्शिया बहुधा पंचेचाळीस ते पासष्टच्या वयात सुरू होतो. स्मरण शाबूत, वागणं बदलतं, आणि घरचे स्वभावाला दोष देत राहतात.

आईचं मला वेगळं वाटतंय. कोपऱ्यात मुलं बसलेली दिसणं, सकाळी ठीक आणि दुपारी गोंधळलेली, झोपेत हातपाय झाडणं, पाय घासत चालणं: हे सगळं लेवी बॉडी नावाच्या डिमेन्शियाकडे बोट दाखवतं. म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. भास थांबवायला कुणी हॅलोपेरिडॉल हे मानसिक आजारांवरचं औषध देऊ लागलं तर तिथेच थांबवा आणि 'लेवी बॉडीचा संशय आहे' असं स्पष्ट सांगा. या आजारात त्याने अंग लाकडासारखं ताठ होतं, शुद्ध हरपते, जीवावरही बेततं. डोनेपेझिल या डिमेन्शियावरच्या गोळीचा उपयोग होऊ शकतो. साधारणपणे ५ मिलिग्रॅमने सुरुवात करतात, चार आठवड्यांनी १०. त्याने नाडी मंदावते, म्हणून आधी ईसीजी काढून घ्या.

वहिनी, पंधरा दिवस वहीत लिहाल का? तारीख, वेळ, काय दिसलं, झोप कशी, पडली का. चालण्याचा मोबाइलवर अर्धा मिनिट व्हिडिओ काढा. सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत न्या, सर्दीच्यासुद्धा; त्यांत असणाऱ्या क्लोरफेनिरामिनने गोंधळ वाढतो.

मुलं दिसली तर "कुणी नाही तिथे" म्हणून वाद घालू नका. दिवा लावा, खुंटीवरचे कपडे काढून ठेवा. अंधारात सदरासुद्धा माणूस वाटतो. मोतीबिंदूही दाखवून घ्या.

न्यूरॉलॉजिस्टची तारीख मिळाली की कळवा, मी व्हिडिओवर हजर राहीन.

तुमची,
सुमा