शंभरातून सात वजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशी शिक्षणावरच्या आपल्या पुरवणीतील लेखात ‘डॉक्टरेट झाली तरी मुले फेलोशिपच्या नावाखाली आणखी दोन वर्षे काढतात’ असा सूर होता. मी आर्मी मेडिकल कोअरमधून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. माझी पुतणी अमेरिकेतच जन्मली, वाढली आणि सध्या तिथल्या माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयात न्यूरोसायकॉलॉजीची, म्हणजे मेंदूतल्या बिघाडाने स्मरण आणि वागणे कसे बदलते हे तपासण्याच्या शास्त्राची, फेलो आहे. ती फोनवर जे सांगते त्यावरून ही दोन वर्षे काढलेली वाटत नाहीत, घासलेली वाटतात.

तिच्याकडे येणारा पेशंट कसा असतो? इराकमध्ये गाडीखाली स्फोट झालेला, चाळिशीतला माणूस. नावे विसरतो, घरच्यांवर खेकसतो, रात्री झोपत नाही. आता हे डोक्याला बसलेल्या हादऱ्याने, पीटीएसडीने म्हणजे मनावरच्या जुन्या आघाताने, दारूने, की घोरताना श्वास अडकतो म्हणून? लक्षणे तीच, उपचार निराळे. मग तीन-चार तास शब्दांच्या याद्या, ठोकळे, आकडे-अक्षरे जोडणे अशा चाचण्या घ्यायच्या आणि निष्कर्ष त्याच्या बायकोलाही कळेल असा सांगायचा. शिवाय आठवड्याला किमान दोन तास सुपरवायझरपुढे एकटीने बसून ‘हे कशावरून म्हणतेस?’ याची उत्तरे द्यायची. आम्हाला तरी शीर शोधायला पुस्तकाने कुठे शिकवले होते? सीनिअर शेजारी उभा राहिला म्हणून हात बसला.

तिकडे ही व्यवस्था गरजेतून उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धातून मनाने खचलेले सैनिक परतले तेव्हा त्यांना पाहायला पुरेसे मानसतज्ज्ञच नव्हते. १९४६ मध्ये तिथल्या सरकारच्या माजी सैनिक खात्याने विद्यापीठांना हाताशी धरून, पैसे देऊन, आपली माणसे आपणच तयार करायला घेतली. न्यूरोसायकॉलॉजीला डॉक्टरेटनंतर दोन वर्षे हवीत, हे १९९७ च्या ह्यूस्टन परिषदेत ठरले. सगळे छान आहे असे नाही. २०१४ मध्ये फिनिक्सच्या रुग्णालयातल्या खोट्या प्रतीक्षायाद्यांचे प्रकरण निघाले आणि खात्याच्या मंत्र्यांना जावे लागले. पण शिकवण्याचे काम खात्याने सोडले नाही.

आता आपल्याकडचे. २००३ पासून ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना, आहे. गुडघा, मोतीबिंदू, हृदय यांची सोय होते, त्याबद्दल तक्रार नाही. आमच्या गावातले एक हवालदार श्रीलंकेत शांतिसेनेत होते. दिवाळीचे चार दिवस ते शेतातल्या वस्तीवर जाऊन झोपतात. विसरायला लागलेत म्हणून मुलाने एका रुग्णालयात नेले, सोबत मी होतो. तिथल्या मुलीने हिंदीत विचारले, सौ में से सात घटाते जाइए. हवालदार मराठीत सुरू झाले. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. ‘एकोणऐंशी’ तिला ‘इक्यासी’, म्हणजे एक्क्याऐंशी, ऐकू आले. तिने फुली मारली. मी मध्ये बोललो, तर ‘आप मत बोलिए’. तिचा तरी काय दोष? मराठी माणसाची मराठीत परीक्षा घ्यायला तिला कोणी शिकवलेच नव्हते. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) स्मृतिभ्रंशासाठी चाचण्यांचा संच प्रथम तयार केला तो हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत. मराठी त्यात नव्हती. आणि श्रीलंकेबद्दल तर कोणी चकार शब्द विचारला नाही.

माझी सूचना साधी आहे. पुण्यात एएफएमसी हे लष्कराचे वैद्यकीय महाविद्यालय आहे, खडकीत जखमी जवानांचे पॅराप्लेजिक केंद्र आहे. क्लिनिकल सायकॉलॉजी शिकून बाहेर पडलेल्या पाच-सहा मराठी मुलामुलींना वर्षभर विद्यावेतन देऊन माजी सैनिकांमध्ये काम करायला लावा, वर एक अनुभवी माणूस ठेवा. सातारा, कोल्हापूरच्या ईसीएचएस पॉलिक्लिनिकमध्ये महिन्यातून दोन दिवस बसवा. कॅन्टीनच्या रांगेत दिवस घालवणारे आमचे लोक तिथेही रांग लावतील. पहिल्यांदा बहुधा त्यांच्या बायका येतील.

हवालदारांच्या कागदावर ‘वजाबाकी जमत नाही’ असे अजून लिहिलेले आहे. गावच्या दूध डेअरीचा हिशेब तेच लिहितात.

आपला,
एक माजी सुभेदार, जि. सातारा