बुधवारचा की बुधवार रात्रीचा?

प्रिय बंड्या,

बँकॉकला येऊन आठवडा झाला. परवा अर्धा दिवस मोकळा मिळाला. राजवाड्यापुढची रांग बघून बेत बदलला आणि जवळच्या लाक मुआंगला गेलो. म्हणजे शहराचा खांब. देऊळ रीतसर आहे, पण गाभाऱ्यात खांब!

'मुहूर्तमेढ रोवली' असं आपण ऊठसूट म्हणतो. इथे ती खरोखरची आहे. इथला राजा पहिला राम याने राजधानी नदीच्या या काठावर आणली, तेव्हा २१ एप्रिल १७८२ रोजी सकाळी ६ वाजून ५४ मिनिटांचा मुहूर्त धरून हा खांब रोवला. राजवाड्याचं काम सुरू झालं ते त्यानंतर पंधरा दिवसांनी. आत खांब दोन आहेत. उंच तो जुना. धाकटा १८५२ सालचा, राजा मोंगकुटचा. हा गडी ज्योतिषातला दर्दी.

खांब बघितला आणि तुझं घर आठवलं, जोत्यापर्यंत येऊन वर्षभर रखडलेलं. आणि उचल घेऊन गायब झालेला तो ठेकेदार. म्हटलं, आजचं सगळं तुझ्या नावाने.

कमळ, उदबत्त्या, मेणबत्ती, तिरंगी कापडं आणि सोन्याचा वर्ख असा संच मिळतो. वर्ख खऱ्या खांबाला लावायचा नाही, बाहेरच्या छोट्या प्रतिकृतींना लावायचा. माझा निम्मा अंगठ्यालाच चिकटला. शेजारच्या आजीबाईंनी सरळ माझा अंगठा धरून खांबावर दाबला, जमिनीच्या कागदांवर उमटवतात तसा.

बाजूच्या मंडपात मुकुटवाल्या बायका नाचत होत्या. मला वाटलं पर्यटकांसाठी असेल. कसलं! नवस पावला की पैसे भरून देवापुढे नाच करवायचा. आपल्याकडे गोंधळ घालतात तसं. म्हणून मी नवस बोललो नाही. फेडायला तुला यावं लागलं असतं, आणि तुझं तर नाशिकहून मुंबईला यायचं तीनदा रद्द होतं.

शेवटी आपापल्या जन्मवाराच्या दिव्यात तेल घालायचं. तू बुधवारचा, हे मला पक्कं ठाऊक. पण यांच्याकडे बुधवार दोन! दिवसाचा वेगळा, रात्रीचा वेगळा, आणि रात्रीचा राहूच्या वाट्याला. तिथूनच तुला फोन लावला, तू उचलला नाहीस. मग अर्धी बाटली इकडे, अर्धी तिकडे रिकामी केली.

तरी काकूंना विचारून वेळ कळव. शनिवारपर्यंत आहे मी इथे.

तुझा,
पक्या