फोन ठेवू नको

बाळा,

परवा रात्री तू जे विचारलंस त्याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही, मी विषय बदलून जेवलास का विचारत बसले आणि मग रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, म्हणून हे लिहितेय. लांब झालंय, सुट्टीच्या दिवशी निवांत वाच.

तुझा रूममेट म्हणाला नरक म्हणजे जिथं देव नाही ती जागा, आणि तू म्हणालास मग मे 2021 मध्ये बाबा ज्या कोविड वॉर्डात होते तोच नरक, आणि आई तू तर लहानपणापासून सांगतेस चराचरात देव आहे, म्हणजे दोन्हीतलं एक खोटं.

बरोबर आहे तुझं, एक खोटं असणारच. सगळीकडे म्हटलं की सगळीकडे, त्यातून एवढा वॉर्ड वगळा, तेवढा नरक वगळा असं चालत नाही. तेव्हा लोक मला सांगायचे डबे पोचवणाऱ्यांत देव होता, नर्सबाईंच्यात होता, पंचगंगेच्या स्मशानात किट घालून ज्या पोरांनी बाबांचं सगळं केलं त्यांच्यात होता. त्या पोरांचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण ज्याला बेडच मिळाला नाही, ज्याच्यापर्यंत कुणी पोचलंच नाही, त्याच्याजवळ कोण होतं मग? मदत आली तिथंच देव असं धरलं तर तो नशीबवानांचाच देव झाला, तसला मला नको.

तुला 2019 चा ऑगस्ट आठवतोय ना, तू बारावीला होतास. गणपती 2 सप्टेंबरला, कोल्हापूरला बापट कॅम्पात आपली मूर्तींची शेड भरलेली, आणि पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट असताना पाणी 55 च्या वर गेलं. परत आलो तेव्हा प्लास्टरच्या मूर्ती आडव्यातिडव्या पडलेल्या आणि शाडूच्या तर नव्हत्याच, नुसता चिखल, त्यात कुठं सोंडेचा तुकडा कुठं पाट. मी दारातच बसून रडले. वर्षाची कमाई गेली हे तर होतंच, पण ज्याला हातानं घडवलं तो स्वतःलाच वाचवू शकला नाही, हे जास्त लागलं. शेजारच्या काकांनी समजूत घातली की वहिनी प्राणप्रतिष्ठा झाली नव्हती, तो देव नव्हताच अजून. तुझ्या बाबांना ते आवडलं नाही. ते वाकून चिखल चाचपत म्हणाले, "माती कुठं गेली? हितंच हाय की." आणि फावडं घेऊन गोळा करायला लागले.

मला तेव्हा राग आला होता त्यांचा. नंतर विचार करायला लागले की आपण दरवर्षी आवाहन करतो, ये म्हणतो, मग विसर्जन करतो, जा म्हणतो. जो सगळीकडे आहे त्याला ये काय आणि जा काय? म्हणजे ते येणं जाणं आपलंच असतं, तो आधीच मातीत असतो आणि नंतर पाण्यात. आणि बघ, आपली शेड बुडवली तेच पाणी पुढं नृसिंहवाडीला कृष्णेला मिळतं. तिथं नदीचं पाणी देवळात शिरून दत्ताच्या पादुकांवरून दक्षिण दाराकडं वाहायला लागलं की लोक त्यात अंघोळ करायला धावतात, दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. इथं आम्ही पाण्याला शिव्या घालतोय आणि तिथं तेच पाणी अंगावर घेतायत. उत्सवमूर्ती वर हलवतात, पण पादुका तिथंच पाण्याखाली राहतात, त्यांना कोण बाहेर काढत नाही.

आता वॉर्डाचं सांगते, हे तुला कधी सांगितलं नव्हतं. शेवटच्या दोन रात्री बाबांचा फोन यायचा. मास्कमुळं बोलता यायचं नाही, एकदाच म्हणाले, "फोन ठेवू नको, नुसता चालू राहू दे." मी तो डब्याला टेकवून ठेवायची, चार्जरला लावून, त्यांना माझी भांडी वाजलेली ऐकू जायची आणि मला तिथल्या मशीनची टिकटिक. मी काही करू शकत नव्हते रे. पण मी नव्हते असं म्हणशील का तू?

महाभारताच्या शेवटी युधिष्ठिराला नरक दाखवतात. लोक ही गोष्ट सांगताना घाईनं पुढं जातात, ती परीक्षा होती, अश्वत्थाम्याबद्दल खोटं बोलल्याची शिक्षा होती वगैरे. मला मधलंच आठवतं. घाण वास येतो म्हणून तो माघारी वळतो तर अंधारातून आवाज येतात, की थोडा थांब, तुझ्या अंगावरून वारा येतोय, बरं वाटतंय आम्हाला. सोडव म्हणाले नाहीत, थांब म्हणाले. भीम, अर्जुन, द्रौपदी, कर्ण सगळे होते. आणि तो देवदूताला सांगतो तू जा, मी इथंच राहणार. नरकातल्या माणसाला काय लागतं हे ज्यानं लिहिलं त्याला माहीत होतं.

तुझ्या रूममेटला सांग की मी सातवीपर्यंत मिशनच्या शाळेत होते आणि त्यांच्याच बायबलमधलं 139 वं स्तोत्र आमच्याकडून पाठ करून घेतलं होतं, त्यात म्हटलंय मी अधोलोकात अंथरूण केलं तरी तू तिथं आहेस. दुसरीकडे देवाच्या समोरून दूर जाण्याची शिक्षा असंही लिहिलंय, म्हणजे तोही खोटं बोलत नाही, त्यांच्यातही हा वाद आहे. सातव्या शतकात सीरियाचे इसहाक म्हणून एक साधू होऊन गेले, यूट्यूबवर एका फादरच्या प्रवचनात ऐकलं, ते म्हणायचे नरकातल्यांना देवाच्या प्रेमाचेच फटके बसतात. मला हे लगेच पटलं, कारण शाडूची मूर्ती सावलीत हळूहळू वाळली तर धरते आणि कडक उन्हात ठेवली तर तडकते, ऊन तेच.

त्यानं बाबांना का वाचवलं नाही ते मला येत नाही. खूप भांडले, सात महिने दिवा लावला नाही, अजूनही कधी कधी हात थांबतो. पण तो तिथं नव्हता एवढं मात्र मी म्हणणार नाही, त्या टिकटिकीत तो होता, माझ्यासारखाच काही न करता, आणि का ते मी त्यालाच विचारणार आहे.

कांदा लसणाची चटणी आणि चिवडा एसटीनं पाठवलाय, मित्राला पण दे. आणि गणपतीच्या आधी चार दिवस रजा काढ, डोळ्यांची आखणी बाबांच्यानंतर माझ्या एकटीनं होत नाही, हात थरथरतो.

आई