पीटरच्या सशाविषयी, चि. अद्वैतला

सातारा, १४ सप्टेंबर

चि. अद्वैत यास,
अनेक आशीर्वाद.

बंगळूरूला गेल्यापासून सेमिनारमध्ये बोलण्याची तुझी जुनी भीती परत आली आहे. परवा रात्री फोनवर तू म्हणालास, "आई, पुण्यातली दोन वर्षं फुकट गेली, मी पुन्हा होतो तिथेच आलो," आणि त्यावर मी चाळीस मिनिटे बोलत राहिले. फोन ठेवल्यावर तुझे बाबा म्हणाले, की एवढ्या वेळात पलीकडून फक्त "हं" ऐकू येत होते. तीस वर्षे मानसशास्त्र शिकवलेल्या बाईला हे आधीच कळायला हवे होते, की भीती बोलून जात नाही. हे माझे मत नव्हे. १९२४ साली एका बाईंनी ते तपासून पाहिले आहे, आणि तुझ्या त्या वाक्याचे उत्तरही त्यांच्याच एका नोंदीत आहे, म्हणून हे पत्र.

त्या बाई म्हणजे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स. वर्गात मी त्यांना नेहमी दोन वाक्यांत उरकले, याची आता खंत वाटते. त्यांच्या आधीचा वॉटसन आणि रेनर या मानसशास्त्रज्ञांचा १९२० सालचा प्रयोग मात्र मी रंगवून सांगत असे. बाल्टिमोरमधले अकरा महिन्यांचे मूल, त्याच्यासमोर पांढरा उंदीर, आणि मुलाने उंदराला हात लावताच पाठीमागे लोखंडी दांड्यावर हातोड्याचा दणका. अशा काही फेऱ्यांनंतर ते मूल नुसता उंदीर पाहूनच रडू लागले. भीती शिकवता येते, हे त्यातून दिसले. ती काढण्याचे काम मात्र झाले नाही, कारण मूल रुग्णालयातून निघून गेले. भीती घालणारा प्रयोग पाठ्यपुस्तकात अर्धे पान खातो आणि ती काढणारा एका ओळीत बसतो, हे मला कधी खटकले नाही. मुलांनाही दणका आवडायचा आणि मलाही तो सांगायला आवडायचा.

जोन्सबाई रेनर यांच्या मैत्रीण आणि वॉटसन यांचे व्याख्यान ऐकून या विषयाकडे वळलेल्या. न्यूयॉर्कमधल्या मुलांच्या एका संस्थेत त्यांनी काम केले. तिथे त्यांना पीटर भेटला, तेव्हा तो दोन वर्षे दहा महिन्यांचा होता. पांढरा उंदीर, ससा, फरचा कोट, पीस, कापूस या सगळ्यांना तो घाबरायचा आणि सशाला सर्वांत जास्त. घरची परिस्थिती बिकट होती. "आत ये, नाहीतर कुणीतरी तुला पळवून नेईल," असे म्हणून आई त्याला घरात बोलवायची, असे जोन्सबाईंनी लिहून ठेवले आहे. आपल्याकडच्या बागुलबुवाचा हा न्यूयॉर्कमधला भाऊच. ही नोंद पुन्हा वाचताना मला माझ्याविषयीही काही आठवले. ते पुढे येईल.

पीटरची प्रगती मोजण्यासाठी त्यांनी सतरा पायऱ्या मांडल्या होत्या. पहिल्या पायरीवर पिंजऱ्यातला ससा खोलीत कुठेही असला तरी मूल घाबरते. मग तो बारा फुटांवर चालतो, मग चार फुटांवर, मग तीन. पुढे ससा खोलीत मोकळा सोडलेला चालतो, मग कुणीतरी धरलेल्या सशाला हात लावता येतो. शेवटच्या पायरीवर पीटर सशाला आपली बोटे कुरतडू देतो. मला सर्वांत आवडते ती मधली एक पायरी: पीटर सशावर थुंकतो, त्याच्यावर वस्तू फेकतो, त्याची नक्कल करतो. कोणत्याही शाळेत या वागण्यासाठी मुलाला कोपऱ्यात उभे केले असते. जोन्सबाईंनी ते प्रगतीच्या खात्यात मांडले, कारण पळणारे मूल आता थांबून उद्धटपणा करत होते.

सुरुवातीला जोन्सबाई सशाला न भिणाऱ्या इतर मुलांबरोबर पीटरला रोज खेळायला आणत आणि ससा जवळपास ठेवत. तो पायऱ्या चढत होता, आणि मध्येच त्याला स्कार्लेट फीव्हर झाला. दोन महिने तो रुग्णालयात होता. परत निघताना, नर्स त्याला घेऊन टॅक्सीत चढत असताना, एक मोठा कुत्रा त्यांच्या अंगावर आला. नर्सही घाबरली, आणि पीटर टॅक्सीत निपचित, पांढराफटक पडून राहिला. त्यानंतर ससा दाखवला, तर भीती पूर्वीच्याच जागी. मिळवलेल्या बहुतेक पायऱ्या गेल्या होत्या.

तू म्हणालास ते वाक्य पीटरला बोलता आले असते, तर त्याने हेच म्हटले असते. जोन्सबाईंनी काय केले ते बघ. आधीचे श्रम वाया गेले असे न मानता त्यांनी पद्धत बदलली. पीटरला उंच खुर्चीवर बसवून आवडीचे खायला द्यायचे, आणि ससा पिंजऱ्यातून फक्त इतकाच जवळ आणायचा, की खाणे थांबू नये. यात हात हलका लागतो, हे त्यांनी स्वतःच बजावले आहे, कारण ससा घाईने पुढे सरकवला तर मूल सशावर माया करण्याऐवजी खाण्यालाच भिऊ लागेल. चढउतार होत होत पीटर अखेर सशाला कुरवाळू लागला, आणि विशेष म्हणजे कापूस, पीस आणि फरचा कोट यांची भीती त्यांच्यावर वेगळे काम न करताच गेली.

त्याच वर्षीच्या दुसऱ्या लेखात त्यांनी सुमारे सत्तर मुलांवर निरनिराळे उपाय पाहिले. भीतीची वस्तू नुसती दूर ठेवणे, समजावून सांगणे, चिडवणे, लक्ष दुसरीकडे वळवणे, असे बरेच. भरवशाचे निघाले दोनच: खाण्यासारख्या आवडीच्या गोष्टीशी जोडणे, आणि न भिणाऱ्या मुलांच्या सोबतीने जवळ जाणे. समजावण्याच्या उपायात पाचव्या वर्षात असलेल्या एका मुलीला आठवडाभर रोज सशाच्या गोष्टी सांगितल्या. ती सशाविषयी खुशीत बोलायला लागली, आपण त्याला हात लावल्याच्या बढायाही मारू लागली, आणि खरा ससा समोर येताच खेळ सोडून उठली आणि मागे सरली. माझे चाळीस मिनिटांचे फोन म्हणजे या आठवड्याची पुनरावृत्ती आहे, आणि हे पत्रही फारसे वेगळे नाही. पण पत्रात निदान तुला "हं" म्हणावे लागत नाही.

आता माझ्याविषयी. तू पाचवीत असताना वक्तृत्व स्पर्धेच्या सकाळी पोटात दुखतंय म्हणून पलंगावर पाय पोटाशी घेऊन पडला होतास. मी शाळेला चिठ्ठी लिहिली: "चि. अद्वैत यास ताप असल्याने तो आज उपस्थित राहू शकणार नाही." अर्ध्या तासात तू उठून पोहे मागितलेस आणि वरून पुन्हा लिंबू पिळून घेतलेस. त्या आठवड्यात मी वर्गात माउरर शिकवत होते. हॉबर्ट माउरर यांनी १९४७ साली मांडले होते, की भीती आणि टाळणे यांचे शिक्षण दोन टप्प्यांत होते. आधी एखादी खूण धोक्याशी जोडली जाते. मग त्या खुणेपासून दूर गेल्यावर जी सुटका वाटते, ती सुटकाच बक्षीस बनते आणि टाळण्याची सवय पक्की करते. त्यात खोच अशी, की टाळणाऱ्याला धोका खरोखर उरला आहे की नाही हे कधी कळतच नाही. प्रबलनाची, म्हणजे बक्षिसाने सवय पक्की होण्याची, व्याख्या मी फळ्यावर लिहीत होते आणि घरी चिठ्ठी लिहून तेच करत होते. नंतरही अशा दोन चिठ्ठ्या लिहिल्याचे मला आठवते. गेल्या आठवड्यात तू तुझ्या मार्गदर्शकांना ताप असल्याचा ई-मेल पाठवून सेमिनार चुकवलास, तेव्हा तो मजकूर मला ओळखीचा वाटला. त्यातले निम्मे अक्षर माझे आहे.

मग पुण्यातली दोन वर्षे कुठे गेली? तिथे तर तू विभागाच्या सभागृहात सलग सात सेमिनार दिलेस, शेवटच्या दोहोंत तर कागदही हातात नव्हता. याचे उत्तर व्हरमॉन्ट विद्यापीठातल्या मार्क बाउटन यांच्या कामात आहे, आणि मी शिकवायला लागले त्या काळात ते आमच्या पुस्तकांत नव्हते. १९७९ साली त्यांनी रॉबर्ट बोल्स यांच्याबरोबर केलेल्या उंदरांवरच्या प्रयोगांचा सांगाडा असा आहे. एका पेटीत खुणेनंतर विजेचा सौम्य धक्का द्यायचा, की उंदीर त्या खुणेला भिऊ लागतो. मग वेगळ्या वासाच्या, वेगळ्या दिसणाऱ्या पेटीत तीच खूण धक्क्याशिवाय पुन्हा पुन्हा द्यायची, की भीती ओसरते. याला आपण विलोपन म्हणतो. आता त्याला पहिल्या पेटीत परत नेले, तर भीती परत येते. अशा प्रयोगांत असेही दिसले, की त्याने कधी न पाहिलेल्या तिसऱ्या पेटीत नेले तरी ती बऱ्याच प्रमाणात परत येते.

म्हणजे विलोपनात जुनी शिकवण पुसली जात नाही. तिच्या शेजारी दुसरी शिकवण बसते, आणि त्या खुणेला दोन अर्थ येतात. "पाट" हा शब्द शेतात ऐकला तर पाण्याचा वाटतो आणि स्वयंपाकघरात ऐकला तर बसायचा. कोणता अर्थ घ्यायचा ते जागा ठरवते. बाउटन यांच्या मते भीतीचा पहिला अर्थ जागेला फारसा जुमानत नाही, तो कुठेही सहज जातो. निर्धास्तपणाचा दुसरा अर्थ मात्र जिथे शिकला त्या जागेला चिकटून राहतो. तू तो अर्थ एकाच सभागृहात, त्याच वीस चेहऱ्यांसमोर शिकलास. बंगळूरूचे व्याख्यानगृह ही तिसरी पेटी आहे. ती शिकवण पुण्यात शाबूत आहे. फक्त तिला अजून बंगळूरू दाखवलेले नाही.

म्हणून माझी सूचना अशी. जोन्सबाईंसारखी स्वतःची पायऱ्यांची यादी कर, आणि ती एकाच खोलीत चढू नकोस. कॅन्टीनमध्ये दोघांना तुझा आलेख समजावून सांगणे, रिकाम्या व्याख्यानगृहात फळ्यापाशी उभे राहणे, ग्रुपच्या बैठकीत एक प्रश्न विचारणे, दुसऱ्याच विभागात पाच मिनिटे बोलणे. न भिणारा एखादा मित्र सोबत असला तर उत्तम. त्या सत्तर मुलांतही ते चालले होते. थुंकण्याची पायरी आली, म्हणजे तू चिडून एखाद्याला उलट उत्तर दिलेस, तर तीही यादीत लिही. मी शिक्षिका आहे, उपचार करणारी नव्हे. झोप आणि जेवण बिघडू लागले, तर संस्थेतल्या समुपदेशकांची वेळ घे, आणि ते कोणाला सांगायचे की नाही हे तूच ठरव.

मार्गदर्शकांना दुसरा ई-मेल लिहून सेमिनारची नवी तारीख मात्र तूच माग, ती लांबची असली तरी चालेल. बुधवारी तुमची ग्रुपची बैठक असते ना? त्या रात्री मला फोन नको. ज्या पायरीवर असशील तिचा नुसता आकडा पाठव. मी काही विचारणार नाही, आणि बाबांनाही विचारू देणार नाही.

तुझी,
आई