गिटार तेवढी बाकी आहे

सोलापूर
संक्रांतीनंतरचा रविवार

प्रिय मित्रा,

आपल्या कॉलेजातल्या बँडच्या गाण्यांचे ड्रम रेकॉर्ड झाले, बेस झाला. आता तुझी गिटार आणि माझा आवाज एवढंच राहिलंय. हे फोनवर सांगितलं असतं तर तू "बघू की बे" म्हणून विषय संपवला असतास, म्हणून पत्र लिहितोय. लांबलं तरी पूर्ण वाच.

दिवाळीत तू आला होतास तेव्हा म्हणालास, "आपण पांगलो, पन्नाशीला टेकलो, पंक ही पोरांची गोष्ट आहे." मी तेव्हा गप्प बसलो, पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. त्याचं उत्तर मला डिसेंडेंट्स या आपल्या जुन्या आवडत्या अमेरिकन पंक-रॉक बँडच्या दोन आल्बममध्ये सापडलं. दोन्ही तू ऐकणं सोडलंस त्यानंतरचे आहेत, म्हणून सविस्तर सांगतो.

आधी 2016 चा 'हायपरकॅफियम स्पॅझिनेट' घे. त्याच्या आधीचा त्यांचा आल्बम 2004 चा, म्हणजे मध्ये तब्बल 12 वर्षं गेली. भांडणं नव्हती, चौघांच्या मागे संसार आणि कामं लागली होती. गायक मायलो ऑकरमन डेलावेअरमध्ये वनस्पतींवर संशोधन करत होता. तो जीवशास्त्र शिकायला निघाला म्हणून 1982 च्या आल्बमचं नाव 'मायलो गोज टू कॉलेज' ठेवलं होतं, ते तुला आठवत असेलच. त्या कॅसेटवर नाव तूच लिहिलं होतंस. ड्रमर बिल स्टीव्हन्सन कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सला आपल्या ब्लास्टिंग रूम स्टुडिओत दुसऱ्यांचे आल्बम घडवत होता. 2010 मध्ये त्याच्या मेंदूतून मोठी गाठ काढावी लागली. ड्रमर माणूस, आणि मेंदूचं ऑपरेशन! त्यातून उठून तो पुन्हा ड्रमवर बसला. गिटारवाला स्टीफन एगर्टन तिकडे ओक्लाहोमात टल्साला.

मग आल्बम झाला कसा? चौघंही एका खोलीत जमलेच नाहीत. ड्रम फोर्ट कॉलिन्सला वाजले, गिटार एगर्टनने टल्सातल्या आपल्या स्टुडिओत वाजवली, मायलो आपल्या गावी डेलावेअरमध्ये गायला. फाइली या गावातून त्या गावात फिरल्या. आणि ऐकताना कुठेही सांधा दिसत नाही, कारण पाया ड्रमचा आहे. ड्रम एकदा पक्के बसले की ताणा लागला म्हणायचा; बाणा कुणी पुण्यात बसून टाकला काय आणि सोलापुरात टाकला काय, कापड एकच निघतं.

दुसरं मला जास्त भिडलं. पन्नाशीच्या माणसांनी पन्नाशीबद्दलच लिहिलंय. एकेकाळी खाण्यावर गाणं करणारी हीच मंडळी, आता डॉक्टरने बर्गर बंद केला यावर त्यांचं गाणं आहे. आजारातून उठलेल्या मित्रावरही एक आहे. वेग मात्र तसूभरही कमी नाही. पंक पोरांचं आहे असं तू म्हणतोस ना? माझ्या मते पंक म्हणजे आज जे जगतोयस ते आडपडदा न ठेवता, थोडक्यात आणि जोरात सांगणं. आज तुझी शुगर वाढली असेल तर शुगरवर लिही.

पण माझी झोप उडवली ती 2021 च्या 'नाइंथ अँड वॉलनट'ने.

लाँग बीचमधल्या नाइंथ स्ट्रीट आणि वॉलनट अव्हेन्यूपाशी त्यांची सरावाची जागा होती, तिचंच नाव आल्बमला आहे. गाणी 1977 ते 1980 ची. तेव्हा गिटारवर फ्रँक नवेट्टा, बेसवर टोनी लोम्बार्डो आणि ड्रमवर बिल, जेमतेम मिसरूड फुटलेला. मायलो बँडमध्ये आलाच नव्हता. 1979 मध्ये दोन गाण्यांची एक सिंगल निघाली, एक नवेट्टाने गायलं होतं, एक लोम्बार्डोने. बाकीची बरीच गाणी तशीच राहून गेली. पहिल्या आल्बमनंतर नवेट्टाने बँड सोडला आणि तो ओरेगॉनला जाऊन मासेमारी करू लागला.

2002 मध्ये हे तिघं पुन्हा एकत्र आले आणि त्यांनी ती जुनी गाणी वाजवून रेकॉर्ड करून ठेवली. फक्त वाद्यं, वर आवाज नाही. 2008 मध्ये नवेट्टा वारला. ते रेकॉर्डिंग तसंच पडून राहिलं. 2020 मध्ये कोरोनाने सगळं जग घरात कोंडलं तेव्हा मायलोने त्यावर आवाज चढवला. एकूण 18 गाणी, आणि सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आत संपतात!

आता तू हेडफोन लावून नवेट्टाची गिटार ऐक. मायलो गायला तेव्हा नवेट्टाला जाऊन 12 वर्षं झाली होती, तरी ती गिटार जुन्या आठवणीसारखी कुठे मागे वाजत नाही. ती पुढे आहे, गाण्याला ओढून नेते आहे. गाण्याचा वेग 2002 मध्येच ठरून गेलेला होता, तो आता कुणालाच बदलता येणार नव्हता. 57 वर्षांच्या मायलोला त्या वेगाला जाऊन भिडावं लागलं, आणि तो भिडला. त्यातली जुनी गाणी त्याची नव्हती, तो बँडमध्ये येण्याआधीची होती. तरी ती तो अशी गातो की ऐकणाऱ्याला ती परकी वाटत नाहीत.

हे सगळं कशामुळे झालं, तर 2002 मध्ये त्या तिघांपैकी कुणी "आवाजाचं ठरू दे, मग बघू" असं म्हणून वाट पाहत बसलं नाही. नवेट्टाने आपला वाटा वाजवून ठेवला. एवढंच. मी हे फार वेळा मनात घोळवलंय आणि दर वेळी तुझाच चेहरा समोर येतो.

आता आपलं सांगतो. आपल्या ड्रमरच्या, मालकाच्या कानांचं तुला कुणी सांगितलंय का? लहानपणापासून पॉवरलूमच्या खडखडाटात वाढलाय तो. पूर्व भागातल्या कारखान्यांत माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलतात ते आपण दोघांनी पाहिलंय. डाव्या कानाने त्याला बारीक आवाज आता येत नाहीत. झांज वाजवतो, पण तिची शेवटची किणकिण त्याला ऐकू येत नाही. डॉक्टरने सांगितलंय की गेलेलं परत येणार नाही, उरलेलं सांभाळा. तो स्वतःहून माझ्याकडे आला आणि म्हणाला, "ऐकू येतंय तोवर करून टाकू की." मग मी कशाला थांबतोय?

स्टुडिओत गेलो नाही. इथल्या छोट्या स्टुडिओत भजनं, जत्रेची गाणी, प्रचाराची गाणी छान होतात, पण ड्रमला जागा पुरत नाही. सुट्टीच्या दिवशी माग बंद असताना मालकाच्या कारखान्यातच ड्रम मांडले. पत्र्याखाली आवाज इतका घुमायचा की एका ठोक्याचे चार ऐकू यायचे. मग त्याने गोदामातून चादरी काढल्या आणि चारी बाजूंनी, वरच्या अँगललासुद्धा टांगल्या. मोराच्या नक्षीच्या, हत्तीच्या, नवीकोरी घडी मोडून! आवाज एकदम कोरडा आणि जवळचा झाला. स्नेअर ड्रमवर ठोका पडला की शेजारच्या मागावरचं सुटं लोखंड झणझणतं. आपला बेसवाला मास्तर म्हणाला, ते काढू. मालक तेलुगूत काहीतरी करवादला आणि त्याने हातच लावू दिला नाही. मलाही ते हवंच होतं. आमच्या गावाचा आवाज आहे तो, मिक्सिंगमध्येही मी तो पुसणार नाही.

मास्तरने बेस घरीच वाजवला, शाळेतून आल्यावर, पोरं झोपली की. सरळ कॉम्प्युटरला जोडलेल्या इंटरफेसमध्ये. पहिल्यापासून तोच आपल्यात सगळ्यात नेटका, अजूनही तसाच आहे.

गाणी तीच जुनी सहा आणि दोन नवी. नळाचं गाणं काढायचं का यावर खूप बोलणं झालं. आपण कॉलेजात ते लिहिलं तेव्हा वाटायचं, ही तक्रार दोन-चार वर्षांत जुनी होईल. उजनी भरून वाहिली तरी सोलापुरात नळ अजून रोज येत नाही. घरोघरी अजून पिंप, बादल्या, पातेली भरून ठेवतात. त्यातला एक शब्दही मी बदललेला नाही, आणि गाताना आता मला जास्त राग येतो. तेव्हा आई पाण्यासाठी पहाटे उठायची, आता मी उठतो. जुन्या मिलच्या गाण्यात मात्र एक कडवं नवं घातलंय. भोंगा बंद झाल्यावर घरी बसलेल्या माणसांवर आपण तेव्हा लिहिलं होतं, आता त्यांच्या पोरांवर लिहिलंय, जी हुतात्मा एक्सप्रेस धरून पुण्याला गेली. ते कडवं तुझ्यावर आहे. आवडलं नाही तर स्पष्ट सांग, पण आधी वाजवून बघ.

तुला काय करायचं ते नीट लिहितो. ड्रम आणि बेसची फाइल पाठवतोय, सोबत माझा कच्चा आवाज. नळाचं गाणं मिनिटाला 184 ठोक्यांच्या वेगाला आहे, सुरुवातीला चार ठोके मोजून दिलेत. तू वेव्ह फाइलच दे, 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, आणि फाइल पहिल्या ठोक्यापासूनच सुरू कर, म्हणजे इथे आणून बसवताना सरकणार नाही. तुझ्या अँपचा आवाज वेगळा आणि इंटरफेसमधून थेट आलेला कोरा आवाज वेगळा दे. प्रत्येक रिदम दोनदा वाजव, एक डावीकडे आणि एक उजवीकडे ठेवायचीय. दोन्ही वेळा खरंच वाजव, कॉपी करू नको. दोन वेळच्या वाजवण्यातला तो बारीकसा फरकच गिटारीला रुंद करतो. छेडणारा हात सगळा डाउनस्ट्रोक, म्हणजे तारा वरून खालीच छेडायच्या. तुझं मनगट पूर्वीसारखं राहिलं नसेल तर रोज थोडं वाजव, येतं ते. लीड, म्हणजे गिटारीची वरची सुरावट, कुठे टाकायचं ते तुझं तू ठरव, मी त्यात पडणार नाही.

पहिलं नळाचंच पाठव, आणि होळीच्या आधी पाठव. होळीनंतर त्या पत्र्याखाली उभं राहवत नाही, आणि मला माझा आवाज तिथेच, त्या चादरींमध्येच रेकॉर्ड करायचाय. तुझी गिटार कानात असल्याशिवाय मी गाणार नाही, हे मालकाला आणि मास्तरला सांगून ठेवलंय.

वहिनींना नमस्कार सांग. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी येत्या आठवड्यात पाठवतो.

तुझाच,
सोलापूरचा मित्र