पंखा बंद करणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. मिरजेतल्या त्या माडीवरच्या बैठकीत आधी जिन्याखाली चपला लावत होतात आणि नंतर पंखा बंद केलात, ते तुम्ही. कुणीतरी हे तुम्हाला वाचून दाखवेल, या भरवशावर लिहितेय.

माझे बाबा एक्क्याऐंशी वर्षांचे. दोन्ही कानांत मशीन. मूळचे मिरजेचेच. थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेब गेले १९३७ साली, बाबांच्या जन्माआधी. 'खाँसाहेबांना ऐकायचं नशिबात नव्हतं, पण त्यांच्या कबरीपाशी बसून बाकीच्यांना ऐकलं,' असं ते मिरजेच्या दर्ग्यातल्या उरुसाच्या गाण्याबद्दल सांगतात.

मागच्या वर्षी त्यांना एका भल्यामोठ्या मंडपात नेलं होतं. पुढच्या खुर्च्यांचं महागडं तिकीट काढून. कर्ण्यांचा आवाज मशीनमधून असा फाटून येत होता की बाबांनी पंधरा मिनिटांत दोन्ही मशीनं काढून खिशात टाकली. जरा बाजूला जागा मिळेल का, म्हणून विचारलं, तर बिल्ला लावलेला मुलगा म्हणाला, "आजोबा, मागे स्क्रीन आहे, तिथे छान दिसतं." दिसतं! त्यानंतर बाबांनी गाण्याला जायचं नावच टाकलं. मीही आग्रह सोडला, त्याची लाज वाटते.

तुमच्या माडीवर मुळात माइकच नव्हता. पन्नासएक माणसं, सतरंजी, भिंतीला टेकायला लोड. गाणाऱ्या बाई हातभर अंतरावर. षड्ज लावण्याआधी त्यांनी घेतलेला श्वास ऐकू आला, तबल्याच्या किनारीवरचं बोट दिसलं. पण डोक्यावरचा पंखा बाबांच्या मशीनमध्ये गिरणीसारखा घरघरत होता. ते काही बोलले नाहीत, नुसते कानाशी चाळा करत बसले. आता पुन्हा मशीनं खिशात जाणार, असं मला वाटलं.

तेवढ्यात तुम्ही दारातून उठलात, बटण बंद केलंत आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "तंबोऱ्याला वारा लागतोय हो, तार उतरते."

एप्रिल महिना. लोक घामाघूम झाले, पण तंबोऱ्यासाठी म्हटल्यावर मिरजेत कोण कुरकुरणार? ज्या गावात तंबोरे घडतात, तिथे हे कारण पुरे. बाबांकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. 'म्हाताऱ्याला ऐकू येत नाही, पंखा बंद करा' असं म्हटलं असतंत तर ते पुढच्या समेआधी उठून गेले असते. ओळखते मी त्यांना.

मग पूरिया धनाश्री रागात एका अवघड जागेवरून बाई अलगद समेवर आल्या आणि बाबांची मान डोलली. बाईंनी ते पाहिलं, हसल्या, आणि तीच जागा पुन्हा घेतली. बाबांसाठी! एवढ्या जवळून गाणं ऐकलं की ऐकणाराही त्यात असतो, हे मी आजवर नुसतं ऐकून होते.

परतीच्या गाडीत बाबा बराच वेळ गप्प होते. कराड गेल्यावर म्हणाले, "तंबोरे कोपऱ्यात होते गं. तिथे कुठला आलाय वारा?" आणि खुदकन हसले. "खोटंसुद्धा सुरात बोलला गडी."

माणसाला मदत करताना त्याची मान खाली जाऊ नये, हे तुम्हाला कुणी शिकवलं, काका? बिल्ले वाटणाऱ्यांनी तुमच्याकडे चार दिवस चपला लावायला यावं.

पुढच्या बैठकीला आम्ही येतोय. बाबांनी मशीनचे नवे सेल आणून ठेवलेत. मी येताना डझनभर विंझणे आणीन. एक तुमच्यासाठी, बाकीचे त्या घामाघूम झालेल्या मंडळींना. तंबोऱ्यापासून जरा लांब बसून वारा घ्या म्हणावं.

तुमची,
बाबांची मुलगी